गढी, जिन, टेशन : आपापल्या गावच्या जुन्या खुणा इथं नोंदवू या

पूर्णाकाठ

नमस्कार मंडळी,

गेल्या पंधरवड्यात आमच्या गावच्या जिनाचं, म्हणजे कापसातली सरकी वेगळी करायच्या कारखान्याचं, धुराडं पाडलं. तीन दिवस लागले. विटा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीनं गेल्या, कुणाच्या तरी गोठ्याच्या पायव्यात बसल्या असतील. जिन बंद पडूनच पंचवीसेक वर्षं झाली होती, त्यामुळे कुणी हळहळलं नाही. पण एसटीचा कंडक्टर अजून ‘जिन फाटा, जिन फाटा’ अशीच हाक देतो. आणखी दहा वर्षांनी उतरणाऱ्याला हे नाव कशावरून पडलं ते सांगणारं कुणी उरणार नाही. म्हणून हा धागा काढतोय.

गाव दर्यापूर तालुक्यातलं, खारपाणपट्ट्यातलं. वऱ्हाडातल्या पुष्कळ गावांसारखीच त्याची ठेवण. मधोमध पांढरीवर गढी, म्हणजे आता पांढऱ्या मातीचा ढिगारा आणि एक बुरूज. भोवती धाब्याची घरं, वेस, मारोतीचा पार, चावडी, कोंडवाडा. वेशीबाहेर आखर, तिथं सकाळी ढोरं गोळा व्हायची. आखराच्या पलीकडून एक सरळ रस्ता दीड किलोमीटरवरच्या टेशनापर्यंत जातो. याच रस्त्यावर दुसरं गाव वसलं. आधी जिन, मग रुईच्या गाठी बांधायचा प्रेस, मग धर्मशाळा, जिनातली चाळ, गँगमनचे क्वार्टर, दोन चहाच्या टपऱ्या. गढीभोवतीचे ते ‘गावातले’ आणि हे ‘टेशनावरचे’. शाळेत कबड्डीचा डाव पडला की याच दोन बाजू. टेशनावरच्यांचा मारोती वेगळा, गणपती वेगळा, विहीरही वेगळी. तिथं कच्छी होते, मारवाडी होते, बाहेरून आलेले फिटर होते, रेल्वेतले लोक होते. गावात ज्याला चार पिढ्यांची ओळख लागायची, त्याला टेशनावर नुसतं काम येत असलं की पुरायचं.

टेशन अर्थातच शकुंतलेचं, म्हणजे आमच्या छोट्या लाइनीच्या आगगाडीचं. मुर्तिजापूरहून एक फाटा अचलपूरला, दुसरा यवतमाळला. कापूस न्यायला टाकलेली लाइन, हे सगळ्यांना माहीत आहे. चालत्या गाडीतून उतरून बोरं तोडायची आणि धावत जाऊन परत चढायचं, ही गोष्टही सगळेच सांगतात. मला टाकीची गोष्ट सांगायची आहे.

आमच्या भागात विहिरीचं पाणी खारं. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. इंजिनालाही ते पाणी चालत नसे, बॉयलरला आतून खपली धरते. म्हणून रेल्वेनं नाल्याच्या अंगाला जागा शोधून गोड्या पाण्याची विहीर खणली आणि टेशनाजवळ दगडी खांबांवर लोखंडी टाकी उभी केली. तालुक्याला नळ येण्याच्या कितीतरी आधी आमच्या टेशनावर गोडं पाणी होतं, ते इंजिनासाठी. पंपावरचा माणूस चांगला होता. टाकी भरून वाहू लागली की तो घटकाभर पंप तसाच चालू ठेवायचा. खाली बाया घागरी लावून उभ्या. माझी आजी त्या पाण्याला ‘टेशनचं पाणी’ म्हणायची, आणि पाहुणा आला तरच त्याचा चहा व्हायचा. रोजचा चहा खाऱ्याचा.

टाकी कधी उतरवली ते नक्की आठवत नाही. मी बाहेरगावी शिकायला होतो. खांबांची जोती कुठं होती, हेही आता बाभळींमुळे कळत नाही.

गाविलगड, नरनाळा, लोणार यांवर पुस्तकं आहेत, त्यांना आपली गरज नाही. मला हवंय ते जिन, काटा, फाटक, टाकी, हमालांचा ओटा यांच्याबद्दल. आपल्या गावात काय कुठं होतं, लोक त्याला काय म्हणायचे, तिथं कोण राबायचं आणि आज त्या जागी काय आहे, एवढं लिहा. जुनं माणूस घरात असेल तर त्याला विचारून लिहा. उशीर नको.

फलाटावरचा

दादा, फार मोठं काम काढलंत. मुर्तिजापूरकर म्हणून माझी भर.

आमच्या इथं दोन फलाट नव्हते, दोन जगं होती. एका बाजूला भुसावळ-नागपूर मोठी लाइन, १८६७ साली नागपूरला पोचलेली. दुसऱ्या बाजूला शकुंतला, रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. यवतमाळकडे ११३ किलोमीटर, अचलपूरकडे ७६ च्या आसपास. आता विचार करा, दारव्ह्याहून किंवा अंजनगावहून आलेली कापसाची गाठ मुंबईला जाणार कशी? छोट्या वाघिणीतून, म्हणजे मालडब्यातून, उतरवायची, मोठ्या वाघिणीत चढवायची. दोन्ही वेळा माणसाच्या पाठीवर. एक गाठ पावणेदोनशे किलोच्या घरात. तिला हाताचा आकडा मारून चौघं लोळवायचे, फळी लावून वर ढकलायचे.

रुळांच्या रुंदीत फरक होता म्हणून हमालांची वस्ती झाली. ही गोष्ट मला कुणी शाळेत सांगितली नाही. माझे वडील रेल्वेत होते, त्यांनी फलाटावर उभं राहून दाखवलं : हा इथं छोटा डबा लागे, हा इथं मोठा, आणि मधल्या या बारा पावलांवर शंभर घरांची चूल पेटते.

इंजिनाबद्दल : वाफेचं झेडी इंजिन १९२१ सालचं, मँचेस्टरला बनलेलं. १९९४ पर्यंत त्यानं ओढलं, मग डिझेल आलं. शेवटच्या वर्षांत मधल्या टेशनांवर माणूसच उरला नव्हता. गार्डच तिकीट फाडायचा, खाली उतरून फाटक लावायचा, गाडी पुढं गेली की फाटक उघडून परत चढायचा. हे मी स्वतः पाहिलंय.

आणि मुर्तिजापूर म्हटल्यावर गाडगेबाबांचं नाव घ्यायलाच हवं. जन्म अंजनगाव तालुक्यातल्या शेंडगावचा, १८७६ चा, पण वाढले ते मुर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला, मामाकडे. म्हणजे या लाइनीवरचे दोन्ही तालुके त्यांच्या पायाखालचे. पौषातल्या रविवारी पूर्णेवर ऋणमोचनाची यात्रा भरते, तिथं त्यांनी स्वतः खराटा घेऊन काम केलं. आमच्या घरातली म्हातारी माणसं त्यांचं कीर्तन ऐकलेली होती. ‘देवकीनंदन गोपाला’ म्हणताना आजोबांचा आवाज अजून कानात आहे.

पऱ्हाटी

चांगला धागा. वाचतेय. लिहीन सवडीनं.

वेशीआत

आमचं कारंजा लाड. इथं खुणांची कमी नाही. चार वेशी : दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस, पोहा वेस. नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान म्हणून दत्तभक्त येतात, जैन मंदिरांतल्या हस्तलिखितांसाठी अभ्यासक येतात. पण पूर्णाकाठ यांना कामाची जागा हवी आहे, तर ती सांगतो.

कारंज्याचा कापूस बाजार. देशात सरकारी नियमाखाली आलेला पहिला बाजार म्हणून शेतीच्या पुस्तकांत १८८६ सालच्या कारंज्याचं नाव येतं. त्यानंतर १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला. आजच्या सगळ्या बाजार समित्यांचा हा पणजोबा. तेव्हा वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात होतं, पण मालकी निजामाची. १८५३ च्या तहानं ते असं दोन घरचं झालेलं.

नियम कशासाठी हवा होता ते ऐका. कास्तकार रात्रभर बंडी हाकत यायचा. अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवायचे, माल ज्याचा त्याला पत्ता नाही. मापं ज्याची त्याची वेगळी. मग धर्मादाय, हमाली, झाडाई असं कापून हातात येईल ते घ्यायचं. नियम आल्यावर बोली उघड झाली, काटा तपासला जाऊ लागला, दलालाला परवाना आला. फसवणूक लगेच थांबली असं मी म्हणणार नाही. पण दाद मागायला एक ओटा मिळाला.

माझ्या वडिलांबरोबर मी लहानपणी बाजारात जायचो. बंड्यांच्या रांगेत झोपायचो, वर चांदण्या, खाली कापूस. तेव्हा एकाधिकार खरेदी होती, १९७२ पासूनची. व्यापाऱ्याला विकायचाच नाही, सगळा कापूस सरकारला. ग्रेडर यायचा, बोंडात हात घालून धागा ओढून पाहायचा आणि एक शब्द बोलायचा. त्या एका शब्दावर वर्ष. चुकारा, म्हणजे मालाचे पैसे, मात्र महिनोन्‌महिने यायचा नाही. एका हंगामाचा चुकारा बहिणीच्या लग्नानंतर आला, लग्न उसनवारीवर झालं. केंद्र कोणतं ते लिहीत नाही, सगळीकडे हेच होतं.

सातबारा

गावांच्या नावांतच खुणा दडल्यात, तिकडेही लक्ष असू द्या. अमरावती जिल्ह्यात दोन चांदूर : एक चांदूर रेल्वे, एक चांदूर बाजार. धामणगावही धामणगाव रेल्वे. म्हणजे लाइन आली आणि गावाच्या नावात जाऊन बसली. दोन कारंजे : लाड आणि घाडगे. दोन अंजनगाव : सुर्जी आणि बारी. पोस्टाच्या पत्त्यावर आपण हे रोज लिहितो.

कोरडवाहू भाऊ

राजेहो, मले तुमच्यासारखं शुद्ध लिवता येत नाई, पण ह्या धाग्यावर लिवल्याशिवाय राह्यवत नाई.

माया आजा जिनात होता. फिटरच्या हाताखाली. जिन म्हंजे काय ते नव्या पोट्ट्याईले सांगतो. कापूस म्हंजे रुई आन सरकी एकात. जिनात चामड्याचा रोलर असते, फिरत राह्यते. त्याच्यावर पोलादी पातं टेकेल असते. रोलर रुई वढून नेते, सरकी पात्याच्या अलीकडं अडकते आन खाली पडते. बस, येवढंच. पण रोलर घासला की त्याले खाचा पाडा लागत, पातं सारखं बसवा लागे, नाईतं सरकी फुटे आन रुईत किडे पडल्यासारखे तुकडे जात. माया आजा नुसत्या आवाजावरून सांगे कोणत्या नंबरच्या जिनाचं पातं ढिलं झालं. साठ वर्साचा होता तवा कान गेले, तरी हात ठेवून सांगे.

रुई मंग प्रेसमदी. दाबून गाठ, वरून लोखंडी पट्टी. थे पट्टी पाहा आपापल्या घरी. आमच्या घरच्या कोठीच्या दाराले बिजागऱ्या गाठीच्या पट्टीच्या हायेत. कडब्याचा तट्टा बांधला तं पट्टी. तुटेल खाटीले पट्टी. बुढी मायनं झाडाच्या फांदीले झोका बांधला होता त्याच्याबी खाली पट्टी. अर्ध्या गावाचं घर त्या पट्टीनं धरून ठेवलं. काल तुमचा धागा वाचून कोठीचं दार उघडलं, पट्टीवर बोट फिरवलं. गंज हाय, पण वाकत नाई अजून.

आन भोंगा! पयला भोंगा सकाळी, मंग जेवणाच्या सुट्टीचा, मंग रातपाळीचा. घड्याळ कोणाच्या घरी होतं? वावरात निंदणाऱ्या बायाबी भोंग्यावर भाकर सोडत. दोन कोसावर आयकू जाय.

पऱ्हाटी

सवड काढून लिहितेय, कारण वरचं सगळं वाचून मला राहवलं नाही.

माझी आजी जिनात होती, बायांच्या पाळीत. तिच्याबद्दल इथं अजून कुणी लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. बाया कापूस पसरायच्या, कवडी आणि पालापाचोळा निवडायच्या, टोपल्यांनी जिनाच्या तोंडाशी नेऊन टाकायच्या. दिवाळी झाली की हंगाम सुरू, होळीच्या पुढे संपला की परत घरी. मजुरी पुरुषांपेक्षा कमी, कामाचे तास तेवढेच. लेकरू असलं तर खांबाला लुगड्याची झोळी बांधायची. रुईची धूळ एवढी की समोरचं माणूस धुक्यात उभं असल्यासारखं. संध्याकाळी आजी घरी आली की भुवया पांढऱ्या दिसायच्या. आई सांगते, लहानपणी तिला वाटायचं की आजी दिवसा म्हातारी होते आणि तोंड धुतलं की परत तरुण होते.

शेवटची दहा वर्षं तिला दम लागायचा. डॉक्टर विडी ओढता का विचारायचे. तिनं आयुष्यात विडी ओढली नाही.

मला जिनाचा अभिमान नाही असं नाही. आजीनं त्याच पैशावर चार पोरं शिकवली, धाकटीला नर्स केलं. पण धुराड्याच्या विटा मोजताना त्या झोळ्यांचे खांबही मोजा. आमच्या गावच्या जिनात अजून दोन खांब उभे आहेत. माणसाच्या कमरेएवढ्या उंचीवर दोरीनं घासून लाकूड खोलगट झालंय. तिथं मी बोट घालून पाहिलंय, अंगठा बसतो.

पूर्णाकाठ

ताई, हे माझ्याकडून राहूनच गेलं होतं. ‘कोण राबायचं’ असं मी लिहिलं खरं, पण डोळ्यांसमोर फिटर आणि हमालच होते. विनंती आहे, त्या दोन खांबांचे फोटो काढून ठेवा, शेजारी मोजपट्टी धरून. आणि आजीबरोबरच्या कुणी बाया असतील तर त्यांच्याकडून जिनातल्या जागांची नावं विचारा. पुरुषांना ती माहीत नसतात, हे मला आता कळतंय.

पाळीवरचा

तुम्हा वऱ्हाडकरांच्या चर्चेत आम्ही झाडीतले. चालेल ना?

आमच्याकडे कापूस नाही, धान. आणि गढीपेक्षा मोठी खूण तलावाची. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, या चार जिल्ह्यांत दर दोन कोसांवर तलाव. सरकारी कागदात ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी. मालगुजार म्हणजे सारा वसूल करणारा गावचा जमीनदार. मामाशी काही संबंध नाही, बाहेरचे लोक मात्र दरवेळी विचारतात.

गोंड राजांच्या काळापासून हे तलाव बांधले गेले, आणि बांधणाऱ्यांत कोहळी समाजाचं नाव पहिलं. पाण्याचा उतार नजरेनं ओळखायची त्यांची ख्याती. नवेगावबांध हे त्यातलं मोठं उदाहरण, डोंगरांमधल्या खिंडी पाळी, म्हणजे बांध, घालून बुजवल्या आणि पाणी अडवलं. नुसत्या मातीच्या पाळी, कित्येक पावसाळे सोसलेल्या.

तलाव बांधणं अर्धं काम. उरलेलं अर्धं म्हणजे पाणी वाटणं. कोणत्या बांधीला, म्हणजे धानाच्या खाचराला, आधी, कुणाला किती वेळ, टोकाच्या शेतकऱ्याला पोचलं की नाही, हे बघायला गावानं नेमलेला माणूस असायचा, त्याला धानाच्या रूपात मोबदला. उन्हाळ्यात गाळ काढायचा, तोच शेतात टाकायचा. १९५१ ला मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले. मालगुजारी जायलाच हवी होती, माझ्या घरातल्यांनी वेठ केलेली आहे. पण मालगुजाराबरोबर तलावाची दरवर्षीची निगाही गेली आणि तिची जागा कुणी नीट घेतली नाही. गाळ चढला. कडेनं अतिक्रमण झालं. आमच्या गावच्या तलावात आता मार्चमध्ये क्रिकेट चालतं.

छोट्या गाडीचं म्हणाल तर आमचीही होती, नागपूर-नागभीड. उमरेड, भिवापूरवरून. भिवापूरची मिरची तिच्यातून जायची, डब्यात बसलं की शिंका. ती २०१९ च्या नोव्हेंबरात मोठ्या लाइनीसाठी बंद केली. शेवटच्या दिवशी मी गेलो होतो. लोकांनी इंजिनाला हार घातले.

फलाटावरचा

पाळीवरचा, तुमच्याकडे निदान हार घालता आले. शकुंतला आज बंद, उद्या चालू, डागडुजीसाठी थांबली, असं करत करत गेली. शेवटची गाडी कोणती ते त्या दिवशी कुणालाच ठाऊक नव्हतं.

नव्यागावचा

एक विचारू का? शकुंतला अजून इंग्रजांच्या मालकीची आहे आणि दरवर्षी करोडोंची रॉयल्टी लंडनला जाते, हे खरं आहे का? दर १५ ऑगस्टला व्हॉट्सअॅपवर येतं.

सातबारा

त्या फॉरवर्डमधले रकमेचे आकडे दरवर्षी बदलतात, त्यावर वेळ घालवू नका. पक्की गोष्ट एवढी : लाइन सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची. ही कंपनी किलिक निक्सन या मुंबईतल्या व्यापारी पेढीनं उभी केली. पुलगाव-आर्वी ही धाकटी लाइनही त्याच कंपनीची, आर्वीकरही तिला शकुंतलाच म्हणतात. स्वातंत्र्यानंतर बाकीच्या रेल्वे सरकारनं घेतल्या, ही राहिली. गाड्या मध्य रेल्वे चालवायची, मालकी कंपनीची, मध्ये करार. आमच्या दृष्टीनं त्याचा अर्थ असा की रूळ बदलायचे कुणी, हा प्रश्न कायम लटकलेला. भाड्यानं दिलेल्या घराचं छत गळतं तेव्हा जे होतं, तेच.

आता मूळ विषयावर. मी महसूल खात्यातून निवृत्त झालो, म्हणून थोडी कामाची माहिती देतो. जुन्या जागा शोधायला आठवणीबरोबर कागदही धरा. विदर्भात प्रत्येक गावाचं निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज असतं. बाकीच्या महाराष्ट्रातल्या लोकांना ही नावंही ठाऊक नसतात, ती मध्य प्रांतातून आपल्याकडे आली आणि १९६६ च्या जमीन महसूल संहितेतही विदर्भापुरती ठेवली. गुरं कुठं चरणार, आखर कुठं, मसणवट कुठं, खळी कुठं, बाजार कुठं भरणार, हे निस्तार पत्रकात गट क्रमांकासह लिहिलेलं असतं. वाजिब-उल-अर्जमध्ये वाटेचे, पाण्याचे, मासेमारीचे हक्क. तलाठ्याकडे नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करा, नक्कल मिळते. मोडी येणारं माणूस सोबत असेल तर जुन्या बंदोबस्ताचे, म्हणजे जमीन मोजून सारा ठरवल्याचे, कागदही पाहा.

पाळीवरचा, तुमच्या तलावाचं क्रिकेटचं मैदान झालं असलं तरी तलावाची हद्द त्या कागदात असेल. नक्कल काढून ग्रामसभेत ठेवा. मी माझ्या नोकरीत दोन ठिकाणी अतिक्रमण या एका कागदावर हटलेलं पाहिलंय.

पाळीवरचा

मनापासून आभार काकाजी. सोमवारीच अर्ज देतो.

पानमळा

अंजनगाव सुर्जीहून. आमच्या गावाचं नाव इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीत येतं : ३० डिसेंबर १८०३, शिंदे आणि इंग्रज यांचा सुर्जी-अंजनगावचा तह. आडगावची लढाई झाली, गाविलगड पडला आणि पंधरा दिवसांत हा तह. शाळेत मास्तरांनी ती ओळ वाचली की आम्ही सगळे ताठ बसायचो.

तहाची जागा दाखवायला कुणी आलं तर मी दाखवू शकत नाही, पण पानमळे दाखवू शकतो. बारी समाजाचं पिढीजात काम. विड्याची पानं, पानपिंपरी. मळ्यात शिरलं की भर उन्हाळ्यात अंगावर गारवा येतो. शेवरीवर वेल चढवलेला, वरून सावली, खालून ओल. वाकून चालावं लागतं आणि चप्पल बाहेर काढूनच आत जायचं, देवघरासारखं. पानाच्या करंड्या ओल्या फडक्यात बांधून गाडीनं जायच्या. गाडी उशिरा आली तर पान पिवळं पडायचं, म्हणून सगळ्या गावाला टाइमटेबल पाठ.

मला एक सांगायचं आहे, कुणाला राग येऊ नये. शकुंतला छोटी आहे तशीच जपा, वारसा म्हणून, असं पुण्या-मुंबईचे लोक म्हणतात. आम्हाला मोठी लाइन हवी आहे. आमच्या पोरांना अमरावतीला, अकोल्याला जायचंय. एक इंजिन, दोन डबे, एखादं टेशन नीट सांभाळून ठेवा, पण बाकी रूळ रुंद होऊ द्या. बंद पडलेल्या वारशावर बाभळीच उगवतात.

फलाटावरचा

अजिबात राग नाही. माझंही हेच मत. फक्त रूळ उखडण्याआधी प्रत्येक टेशनाचा, टाकीचा, क्वार्टरचा नकाशा आणि फोटो व्हावेत. कंत्राटदाराचं मशीन एका दुपारीत काम संपवतं.

कोरडवाहू भाऊ

पूर्णाकाठ दादा, तुमी टाकीच्या जोत्याचं म्हणत होते. आमच्या गावात त्या पंपावर काम केलेला एक बुढा हाय. नव्वदीच्या पुढं. पाय चालत नाई पण डोकं साफ. कधी येता सांगा, मी गाडीवर बसवून आणतो त्याईले.

पूर्णाकाठ

मंडळी, काल जाऊन आलो. सविस्तर लिहितो.

कोरडवाहू भाऊंनी बाबांना मोटारसायकलवर मध्ये बसवून, मागं नातू धरून, बारा किलोमीटर आणलं. बाबा टेशनावर उतरले आणि आधी नुसते बघत राहिले. इमारतीचं छप्पर गेलंय, तिकिटाच्या खिडकीची लाकडी चौकट तेवढी आहे. मग त्यांनी खिडकीकडं पाठ केली, काठी समोर धरली आणि नातवाला म्हणाले, ‘आता चाल. चाळीस पावलं. मोठी टाक.’ एकोणचाळिसाव्या पावलावर त्याचा पाय दगडाला लागला. बाभळीच्या खाली टाकीचं जोतं. चारही खांबांची जोती सापडली, तीन शाबूत, एक फुटलेलं. दोन खांबांमधलं अंतर आम्ही पट्टीनं मोजलं, नकाशावर घातलं.

मी त्यांना विचारलं, टाकी भरल्यावर पंप चालू ठेवायचा तो तुम्हीच का? ते म्हणाले, त्यांच्याआधी एक होता, त्यानं त्यांना शिकवलं. साहेब तपासणीला आला तर काय सांगायचं, हेही शिकवलं होतं : व्हॉल्व्ह घट्ट बसत नाही. ‘वीस वर्सं तो व्हॉल्व्ह बसलाच नाई,’ म्हणाले. माझ्या आजीचं नाव सांगितलं तर त्यांना आठवेना. घर सांगितलं, गढीच्या मागं, कवठाचं झाड, तेव्हा म्हणाले, ‘पितळीची घागर. कान तुटेल.’ ती घागर आमच्याकडे अजून आहे आणि तिचा एक कान तुटलेला आहे.

विहीर नाल्याच्या अंगाला, टेशनापासून दोनेकशे पावलांवर. वरून वेड्या बाभळीनं झाकलेली. कडेच्या फांद्या तोडून तोंड मोकळं केलं. दगडी बांधकाम, आतून पायऱ्या, वरच्या दोन ढासळल्यात. पाणी दिसलं. दोर सोडून बादली काढली. वरचा पाला बाजूला केला. बाबांनी ओंजळीत घेतलं, चूळ भरली आणि थुंकली. मग मी. गोडं आहे.

आसपासच्या एकाही विहिरीचं पाणी असं नाही. तपासायला बाटली भरून आणली आहे, अहवाल आला की इथं टाकतो. जागा रेल्वेच्या हद्दीत येते, म्हणून विहीर साफ करण्याच्या परवानगीचा अर्ज लिहून ठेवलाय. काकाजी, पाठवण्याआधी तुमच्या नजरेखालून घालावा म्हणतो.

पऱ्हाटी ताई, खांबांच्या फोटोची वाट पाहतोय.

पऱ्हाटी

फोटो काढले. चार बायाही भेटल्या, सगळ्यात लहान एकाहत्तर वर्षांची. जिनात जिथं कापूस पसरायच्या त्या जागेला त्या ‘आंगण’ म्हणायच्या. आणि झोळीच्या खांबांना प्रत्येकीच्या लेकराचं नाव होतं. एका खांबाला माझ्या मामाचं नाव आहे. तो आज दुपारी येतोय बघायला.